गुढियारी शोधताना : शोधयंत्रे, नावांची स्पेलिंगे आणि स्थानिक इतिहास



छत्तीसगडची राजधानी रायपूर. तेथील रेल्वे स्थानकापलीकडची गुढियारी ही वस्ती किराणा आणि धान्याच्या ठोक व्यापारासाठी परिचित आहे. समजा, स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी आपण हीच वस्ती निवडली आणि शोधयंत्रात 'गुढियारी इतिहास' असे टाइप केले. समोर येतील ते दुकानांचे पत्ते, घरांच्या जाहिराती आणि पिनकोड. दोन पाने चाळून पुष्कळ विद्यार्थी लिहून मोकळे होतात : 'याविषयी माहिती उपलब्ध नाही.' इतिहासाच्या अभ्यासात हे विधान फार जड आहे. ते करण्यापूर्वी यंत्राने नेमके काय शोधले, हे पाहिले पाहिजे.

शोधयंत्र म्हणजे मुळात एक प्रचंड शब्दसूची. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच : शब्द आणि तो कोठे आला आहे त्याचे ठिकाण. 1990 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी तयार केलेले 'आर्ची' फक्त फाइलींची नावे शोधत असे. 1995 च्या डिसेंबरात आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'ने पानांतील संपूर्ण मजकुराची सूची लोकांसमोर ठेवली. 1998 मध्ये कंपनी म्हणून उभ्या राहिलेल्या गूगलने त्यात क्रम लावण्याची नवी रीत आणली : ज्या पानाकडे इतर पाने अधिक बोट दाखवतात, ते वर. ही रीत फार उपयोगी ठरली, पण तिचा कल लक्षात घ्या. जुन्या गॅझेटियरच्या एखाद्या स्कॅन केलेल्या पानाकडे कोण बोट दाखवणार? जाहिरातींची पाने वर आणि गॅझेटियर तळाशी, हे म्हणून घडते. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह देणे, सलग शब्द अवतरणचिन्हांत ठेवणे हे उपाय येथे कामी येतात. 'हे हवे, ते नको' असे तर्क बीजगणितात मांडणाऱ्या जॉर्ज बूल यांचा ग्रंथ 1854 चा. योगायोग असा की, डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले तेही याच वर्षी, आणि छत्तीसगड त्या राज्याचाच भाग होता.

आता खरी अडचण. यंत्राला अक्षरे दिसतात, गाव दिसत नाही. आपण मराठीत 'गुढियारी' लिहितो, रायपुरातील पाटीवर 'गुढ़ियारी' असते. ढ खालचा तो नुक्ता मराठीत नाही. शिवाय युनिकोडमध्ये 'ढ़' दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा ढ आणि नुक्ता वेगवेगळे टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मोठी शोधयंत्रे बहुधा हा फरक सांभाळून घेतात, परंतु ग्रंथालयाची सूची किंवा पीडीएफमधील शोधपेटी सांभाळेलच असे नाही. तसेच मराठीत 'रायपूर' दीर्घ, हिंदीत 'रायपुर' ऱ्हस्व, आणि आपण 'रायपुरात' म्हणतो तेव्हा मराठीतही ऱ्हस्व. 'छत्तीसगड', 'छत्तीसगढ', 'छत्तीसगढ़' हे तर उघडच आहे. एका भाषेत, एकाच रूपात शोधणारा विद्यार्थी निम्म्याहून अधिक दारे न ठोठावताच परत फिरतो.

इंग्रजी साधनांत हा गुंता वाढतो. रिचर्ड जेंकिन्स यांचा नागपूर राज्यावरील अहवाल 1827 चा आहे. त्या काळातील इंग्रज अधिकारी कानाला ऐकू येईल तसे लिहीत. 'गढ'साठी जी-यू-आर-एच, 'पूर'साठी पी-ओ-ओ-आर किंवा पी-ओ-आर-ई. पुढे विल्यम हंटर यांनी भारतीय नावांच्या लेखनाचे नियम 1871 मध्ये मांडले आणि सरकारी ग्रंथांतील स्पेलिंगे हळूहळू आजच्यासारखी झाली. ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले रायपूर जिल्ह्याचे गॅझेटियर 1909 चे आहे. तेथे आजचे स्पेलिंग चालेल, जेंकिन्सकडे चालणार नाही. म्हणजे शोधशब्द ठरवण्याआधी दशक ठरवावे लागते. 'गुढियारी'साठीही रोमन लिपीत डी-एच, आर-एच आणि नुसता डी, अशी तिन्ही रूपे करून पाहा. लहान वस्तीचे नाव शीर्षकात क्वचितच असते. म्हणून आधी जिल्ह्याचा ग्रंथ शोधून मग त्याच्या आत वस्ती शोधणे अधिक फलदायी.

प्रांताचे नाव हा दुसरा सापळा आहे. 1861 पासून रायपूर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'मध्ये होते. 1936 पासून त्या नावाला 'अँड बेरार' जोडले गेले. 1950 मध्ये त्याच प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याची राजधानी होती नागपूर. 1956 मध्ये विदर्भ वेगळा होऊन मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली. छत्तीसगड राज्य झाले 1 नोव्हेंबर 2000 रोजी. त्यामुळे 1952 सालचा रायपूरचा सरकारी कागद 'छत्तीसगड शासन' लिहून सापडणार नाही, आणि तो नागपुरात असण्याची शक्यता आपल्या मनातही येणार नाही.

व्यक्तींच्या बाबतीतही हेच. मराठी घरातले माधवराव सप्रे (1871–1926) यांनी 1900 मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही त्यांचाच. मराठीत त्यांचे नाव 'माधवराव' असे जोडून लिहितात, हिंदीत अनेकदा 'माधव राव' असे तोडून. अवतरणचिन्हांत जोडलेले रूप टाकले, की तोडून लिहिलेली पाने गळण्याची शक्यता असते.

शेवटी एक मोठा प्रदेश असा आहे, जेथे हे उपाय थांबतात. 1741 मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. 1758 ते 1787 बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत. भोसल्यांच्या दप्तराची लिपी मोडी. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती 2014 मध्ये. हाती लिहिलेला मोडी कागद स्कॅन करून ठेवला, तरी यंत्राला ते केवळ चित्र असते. त्याचा मजकूर कोणी टाइप करेपर्यंत तो शोधात येत नाही. तेथे पुराभिलेखागारातील छापील सूची आणि मोडी जाणणारा माणूस, हीच शोधयंत्रे.

स्वाध्याय : आपल्या गावाचे अथवा वस्तीचे नाव घ्या. 1850 पूर्वी, 1909 च्या सुमारास आणि 1956 नंतर ते कोणत्या भाषेत, कोणत्या स्पेलिंगने व कोणत्या प्रांताखाली लिहिले गेले असेल, याचा एक तक्ता करा. तक्त्यातील प्रत्येक रूपाने स्वतंत्र शोध घ्या आणि कोणत्या रूपाला काय सापडले, काय सापडले नाही, ते तारखेसह त्यापुढे नोंदवा.