घुशीचें बीळ आणि खाराचा बांध

डोंगर पोखरून उंदीर काढल्याची म्हण मराठी माणसाच्या तोंडीं नित्याची आहे. परंतु उंदरानेंच बांध पोखरून गांवास पेचांत आणावें, हा अनुभव उरण-पनवेलच्या किनाऱ्याला फार जुना आहे.

इंग्लंडांतील बागांत मातीचे उंचवटे उठविणारा मोल नांवाचा प्राणी कोंकणांत नाहीं. तिकडे त्याची गणना इतिहासांत झाली. राजा तिसरा विल्यम याचा घोडा अशाच एका उंचवट्याला अडखळला, असें सांगतात. त्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत, १७०२ च्या मार्च महिन्यांत, राजा मरण पावला आणि त्याच्या वैऱ्यांनीं काळ्या मखमलीच्या त्या चिमुकल्या गृहस्थाच्या नांवानें पेले उंचावले! कोंकणांत हेंच काम घूस व शेतांतील उंदीर करतात. बिळाच्या तोंडाशीं उकरलेल्या मातीचा ढीग आणि आंत बोगद्यांचें जाळें, अशी त्यांची रीत. बागेंत हा ढीग दिसला तर माळी चिडतो, इतकेंच. बांधावर दिसला तर मात्र प्रश्न गांवाच्या भाताचा होतो.

उरणच्या दक्षिणेस, करंजाच्या बाजूला, द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. या परिसरांतील खाडीकांठची पुष्कळ शेतजमीन समुद्रापासून मिळविलेली. मातीचा बांध घालून भरतीचें पाणी अडवावयाचें, ओहोटीला उघाडीवाटे पावसाचें पाणी सोडावयाचें. पावसानें मीठ धुऊन निघालें कीं भात लावावयाचें. अशा बांधांत बीळ पडलें म्हणजे पाणी झिरपूं लागतें, झिरपतांना माती वाहून नेतें, आणि उधाणाच्या एका रात्रीं खांड पडते. शेतांत शिरलेलें मीठ मग कांहीं वर्षें तरी पीक नीट येऊं देत नाहीं.

म्हणून बांधाची राखण ही येथील जुनी व्यवस्था होती. शिलोत्री पद्धतींत बाहेरचा बांध राखणाऱ्यास शेतकऱ्यांकडून धान्यरूपानें हक्क मिळे. पुढें १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं कायदा केला; १९७९ सालीं महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. राखणीची जबाबदारी अशी हळूहळू गांवाकडून कचेरीकडे सरकली.

त्याच काळांत जमीनहि हातची जाऊं लागली. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या आंखणींत द्रोणागिरी हें नांव एका नगरास मिळालें. १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या मोबदल्यासाठीं झालेल्या आंदोलनांत पांच शेतकरी गोळीबाराला बळी पडले. शेतें गेलीं तेथें बांधावर रोज फिरणारे पायहि गेले.

परंतु आसपासच्या खारांत अद्याप भात पिकवणारे लोक आहेत. कायदा बांध बांधूं शकतो. बिळाच्या तोंडाशीं पडलेली ताजी माती मात्र बांधावरून चालणाऱ्यालाच दिसते. मूठभर चिखलानें वेळीं बुजलेलें बीळ सबंध खाराचें भात वाचवितें.