गेम ऑफ थ्रोन्स (व्हिडिओ गेम, २०१४) : समीक्षकांचा प्रतिसाद

अमेरिकेतील टेलटेल गेम्स या कंपनीने एचबीओच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेवरून बनवलेला साहसी खेळ. डिसेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या काळात तो सहा भागांत प्रसिद्ध झाला. कथा मालिकेतील काल्पनिक जगाच्या उत्तर भागातील फॉरेस्टर घराण्याची आहे. लोहकाष्ठ (आयर्नवुड) या झाडांच्या जंगलांवर जगणारे हे घराणे मालिकेतील ‘रेड वेडिंग’ या लग्नप्रसंगीच्या हत्याकांडानंतर शत्रूंच्या कचाट्यात सापडते.

पहिल्या भागाचे बहुतेक समीक्षकांनी मनापासून स्वागत केले. मूळ मालिकेतील दहशत आणि सत्तेचे डावपेच खेळात नेमके उतरले, असे त्यांचे मत पडले. पीटर डिंकलेज, लीना हीडी, इवान रीऑन या मालिकेतील कलाकारांच्या आवाजांनीही दाद मिळवली.

नाराजीचा सूर मुख्यतः दोन बाबींवर होता. तैलचित्रासारखी दृश्यशैली अनेकांना धूसर वाटली, तांत्रिक दोषही खटकले.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. खेळाडू निर्णय घेत कथा पुढे नेतो; पण त्याने कोणताही पर्याय निवडला, तरी ती बहुधा ठरलेल्याच वळणावर येते. फॉरेस्टर कुटुंब मालिकेतील प्रमुख स्टार्क घराण्याची प्रतिकृती वाटते, असेही म्हटले गेले. अखेरचा भाग अनेक धागे अधांतरी ठेवून संपल्याने मते विभागली. तरीही पराभवाची अपरिहार्यता हेच या विश्वाचे मर्म असल्याने, निवडीच्या मर्यादा इथे कथेशी बऱ्याच अंशी सुसंगत ठरतात.

दुसऱ्या पर्वाची घोषणा झाली होती. परंतु २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि ते पर्व आलेच नाही.