मित्रासाठी केलं, बिघडलं कुठे?

ज्याला दोनदा तुरुंगवास झाला, त्या पुढाऱ्याचे एकाच जागी दोन-दोन पुतळे कुठलं शहर उभारेल? बॉस्टनने १९८० साली उभारले. एक उभा, दुसरा बाकावर निवांत बसलेला. ऑनसाईटला असताना मी त्या बाकावर बसून फोटो काढला आणि मग पाटीवरचं नाव वाचलं: जेम्स मायकल कर्ली. त्यानंतरचे दोन-तीन वीकएंड या माणसाने खाल्ले.

कर्लीचा जन्म १८७४ चा. आईबाप आयर्लंडहून आलेले, बाप तो दहा वर्षांचा असतानाच गेला. पुढे राजकारणात शिरला आणि पोस्टातल्या नोकरीच्या परीक्षेला दुसऱ्याच्या नावाने बसला. आपल्या भाषेत डमी उमेदवार! पकडला गेला, १९०४ मध्ये दोन महिने आत गेला, आणि आत असतानाच नगरसेवक म्हणून निवडून आला. प्रचार काय, तर 'मित्रासाठी केलं'. पोराबाळांचा एक गरीब बाप, त्याला नोकरी हवी होती, मी त्याचा पेपर लिहिला, बिघडलं कुठे?

आपण हसतो. पण त्या वस्तीतल्या मतदाराच्या जागी बसून बघा. बँका, कंपन्या, चांगल्या नोकऱ्या सगळ्या जुन्या इंग्रज घराण्यांच्या हातात. (या घराण्यांना तिकडे चक्क 'बॉस्टन ब्राह्मिन' म्हणतात. शब्द १८६० च्या सुमाराचा आहे, मी बनवलेला नाही!) आयरिश माणूस म्हणजे गडी नाहीतर मोलकरीण. अशा वेळी एक जण तुमच्यासाठी तुरुंगात जातो. त्याला तुम्ही चोर म्हणाल की आपला?

कर्लीने हे नातं आयुष्यभर जपलं. १९१४ ला पहिल्यांदा महापौर झाल्यावर त्याने नगरपालिकेत फरशी पुसणाऱ्या बायकांना लांब दांड्याची पोछणी देवविली, गुडघ्यावर बसून पुसायला लागू नये म्हणून. खर्च किरकोळ, पण शहरातल्या प्रत्येक आयरिश घरात कुणाची तरी आई नाहीतर मावशी फरशी पुसत होतीच. शिवाय हॉस्पिटलं वाढवली, समुद्रकिनाऱ्यावर स्नानगृहं बांधली, रस्ते केले, आणि या सगळ्या कामांवर माणसं लावली. कंत्राटांमधून स्वतःचंही भलं केलं. १९३८ मध्ये कोर्टाने त्याला शहराचे सुमारे ४२ हजार डॉलर परत करायला लावले.

आता विरोधकांकडे वळू, कारण मला खरा रस तिथे आहे. सुधारणावादी मंडळी शिकलेली, हिशेबाला पक्की. अगदी तुमच्या-आमच्यासारखी! त्यांनी काय केलं? चौकश्या. राज्याने नेमलेला वित्त आयोग शहराच्या मानगुटीवर बसवला. १९१८ मध्ये तर राज्याने कायदाच केला की बॉस्टनच्या महापौराला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येणार नाही. रोख कुणावर होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. परिणाम? १९२५ आणि १९३३ ला कर्ली उभाच राहू शकला नाही. म्हणजे त्याच्या कारभाराचा हिशेब मतपेटीत झालाच नाही! चार वर्षं बाहेर बसायचं, नव्या महापौराच्या नावाने खडे फोडायचे आणि परत यायचं. १९२९ ला तो असाच परत आला. वर 'बघा, ते आपल्याला येऊच देत नाहीत' हे म्हणायला पुरावा फुकट मिळाला.

आरोप खोटे होते असं माझं मुळीच म्हणणं नाही. बरेचसे खरेच होते. पण आरोप करणाऱ्याने त्या मतदाराच्या दारात कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि मतदार हे बरोब्बर लक्षात ठेवतो.

मग कर्लीला हरवलं कुणी? १९१७ ला आयरिश मतंच फुटली, आणि ती फोडण्यात दुसऱ्या आयरिश पुढाऱ्याचा, मार्टिन लोमॅस्नीचा हात होता. १९३७ आणि १९४१ ला मॉरिस टोबिनने, तोही आयरिश, एके काळचा कर्लीचाच चेला.

आणि शेवटी जॉन हाइन्सने. १९४७ मध्ये महापौरपदावर असतानाच कर्ली टपालातून फसवणूक केल्याच्या गुन्ह्यात पुन्हा आत गेला. पाच महिने शहर सांभाळलं ते नगरपालिकेतल्या हाइन्स नावाच्या अधिकाऱ्याने. गरीब आयरिश घरातला, ना भाषणबाजी, ना थाट. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी शिक्षा कमी केली, कर्ली खुर्चीत परतला, आणि पहिल्याच दिवशी म्हणे पत्रकारांना सांगितलं की गेल्या पाच महिन्यांत झालं नाही तेवढं काम मी आज एका दिवसात केलं. हाइन्सला हे झोंबलं. १९४९ ला तो उभा राहिला आणि सुमारे १२ हजार मतांनी जिंकला.

प्रचारात त्याला कर्लीच्या तुरुंगाची फार आठवण करून द्यावी लागली नाही, ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. लोकांनी पाच महिने एक वेगळी गोष्ट बघितली होती: भांडणाशिवाय चालणारं शहर, आणि तेसुद्धा आपल्यातल्याच माणसाने चालवलेलं. 'आपला माणूस' हे कर्लीचं हुकमी पान हाइन्सपुढे चालेना.

त्यानंतर कर्ली १९५१ ला हरला, १९५५ लाही हरला. १९५८ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यदर्शनाला लाखाच्या वर माणसं रांगेत उभी होती. महापौर मात्र तेव्हाही हाइन्सच होता.