स्टेल्व्हिओ घाट: ४८ वळणं, तीन भाषा आणि सरकत गेलेली एक सीमा

डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेली नागमोडी वळणं आणि त्यांवरून मुंगीच्या गतीने वर सरकणारे सायकलस्वार. आल्प्स पर्वतातल्या स्टेल्व्हिओ घाटाचा हा फोटो सोशल मीडियावर अनेकांनी पाहिलेला असतो. पण हा रस्ता पर्यटकांसाठी बांधलेला नाही. तो एका साम्राज्याने लष्कर आणि व्यापाराच्या सोयीसाठी बांधला. पुढे देशांच्या सीमा त्याच्यावर आल्या, युद्ध आलं आणि सीमा सरकूनही गेली. रस्ता मात्र जागेवरच राहिला.

आज इथे चालत किंवा सायकलवर येणाऱ्याला सीमा क्वचितच अडवते. अडवतं ते हवामान. म्हणूनच इथे जाण्याआधी इतिहास आणि हवामान या दोन्ही गोष्टी समजून घेणं गरजेचं आहे.

हा घाट नेमका कुठे आहे?

स्टेल्व्हिओ घाट उत्तर इटलीत, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून आहे. घाटमाथ्याची उंची सुमारे २,७५७ मीटर आहे. पूर्व आल्प्समधला हा सर्वांत उंच डांबरी घाटरस्ता मानला जातो. संपूर्ण आल्प्सचा विचार केला तर फ्रान्समधली इझराँ खिंड याच्यापेक्षा थोडीशी उंच आहे.

माथ्यावर पोहोचायच्या तीन वाटा आहेत. एक साउथ टिरोलमधल्या प्राद गावातून, दुसरी लोम्बार्दीतल्या बोर्मिओतून आणि तिसरी स्वित्झर्लंडमधल्या सांता मारिया गावातून. ही तिसरी वाट सुमारे २,५०० मीटर उंचीच्या उंब्राईल खिंडीतून सीमा ओलांडते आणि माथ्याच्या साधारण तीन किलोमीटर आधी बोर्मिओकडच्या रस्त्याला मिळते.

या तीन गावांच्या तीन भाषा आहेत. प्रादमध्ये जर्मन, बोर्मिओत इटालियन आणि सांता मारियात रोमान्श बोलली जाते. रोमान्श ही स्वित्झर्लंडच्या चार राष्ट्रीय भाषांपैकी सर्वांत कमी लोक बोलतात ती भाषा. घाटाजवळच्या २,८४३ मीटर उंच शिखराचं जर्मन नाव म्हणूनच ‘तीन भाषांचं शिखर’ असं आहे. इटालियन लोक त्याच शिखराला गॅरिबाल्डीचं नाव देतात.

रस्ता कोणी आणि का बांधला?

नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ साली लोम्बार्दी ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला. मिलानकडचा हा प्रदेश टिरोलशी थेट जोडण्यासाठी ऑस्ट्रियाला रस्ता हवा होता. अभियंता कार्लो दोनेगानी यांच्या देखरेखीखाली १८२० ते १८२५ या काळात तो बांधला गेला. तेव्हा घाटाच्या दोन्ही बाजूंना राज्य एकच होतं.

१८५९ साली ऑस्ट्रियाने लोम्बार्दी गमावला आणि घाटमाथ्यावर अचानक सीमा आली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सेंट जर्मेन तहाने साउथ टिरोलही इटलीला मिळालं. माथ्यावरची सीमा पुसली गेली आणि दोन्ही उतार पुन्हा एका देशात आले. या वेळी तो देश इटली होता. प्रादकडच्या पाट्यांवर आजही जर्मन आणि इटालियन अशा दोन्ही भाषा दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

महायुद्धात इथे काय घडलं?

मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरला आणि हा घाट आघाडी बनला. एका बाजूला ऑस्ट्रिया-हंगेरीचे सैनिक, दुसऱ्या बाजूला इटलीचे आणि मधोमध तटस्थ स्वित्झर्लंडच्या भूमीचं टोक. स्विस सैनिक उंब्राईलवर पहारा देत होते. स्विस भूमीवरून गोळीबार करायचा नाही, असा समझोता इथे झाला होता. जवळच्या ३,९०५ मीटर उंच ऑर्टलर शिखरावर तर ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी तोफा चढवल्या होत्या.

त्या काळातले खंदक आणि दगडी बराकींचे अवशेष आजही पायवाटांच्या कडेला दिसतात. सांता मारियात या आघाडीची माहिती देणारं संग्रहालयही आहे.

सायकलस्वार कोणत्या बाजूने चढतात?

सर्वांत प्रसिद्ध बाजू प्रादची. साधारण २५ किलोमीटरमध्ये १,८०० मीटरहून अधिक चढाई होते. वाटेत ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर क्रमांक आहे. क्रमांक खालून ४८ पासून सुरू होतात आणि माथ्याजवळ १ वर येतात. त्यामुळे दमलेल्या सायकलस्वाराला किती वळणं उरली ते आपोआप कळतं.

बोर्मिओची बाजू सुमारे साडेएकवीस किलोमीटरची आहे. या बाजूला जुने, अरुंद बोगदे आहेत. त्यामुळे सायकलला पुढचा आणि मागचा दिवा हवाच. उंब्राईलची बाजू तेरा-साडेतेरा किलोमीटरची, तुलनेने शांत पण चढाला कडक. तिच्यावरचा शेवटचा कच्चा टप्पा २०१५ साली डांबरी झाला.

अनेक जण प्रादहून चढतात, उंब्राईलवरून सांता मारियात उतरतात आणि म्युस्टेअर, ग्लुर्न्समार्गे प्रादला परततात. म्युस्टेअरचा प्राचीन मठ १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एका दिवसात दोन देश आणि दोन खिंडी पाहून होतात.

सायकलिंगच्या जगात या घाटाचं नाव झालं ते १९५३ च्या ‘जिरो द’इतालिया’ शर्यतीमुळे. शर्यत पहिल्यांदाच या घाटातून गेली आणि इटलीच्या फाउस्तो कोप्पी यांनी इथेच स्वित्झर्लंडच्या ह्युगो कोब्लेट यांना मागे टाकलं. शर्यतीतल्या सर्वांत उंच ठिकाणाला आता ‘चिमा कोप्पी’ म्हणतात.

मोटारी आणि मोटारसायकलींची गर्दी हा इथला मोठा त्रास. म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून सायकलस्वारांना मोकळा दिला जातो. बाकीच्या दिवशी सकाळी लवकर निघणं हाच उपाय.

पायी काय पाहता येतं?

घाटमाथ्यावरून ‘तीन भाषांच्या शिखरा’पर्यंतची वाट छोटी आहे आणि तिथून ऑर्टलरच्या हिमनद्या समोर दिसतात. दमदार चालणारे उंब्राईल खिंडीतून ३,०३३ मीटर उंच पिझ उंब्राईलवर जातात. सैन्याने काढलेल्या जुन्या वाटा खेचरं आणि सामान नेण्यासाठी होत्या, म्हणून त्यांचा चढ बऱ्याच ठिकाणी बेताचा आहे. त्यामुळेच माउंटन बाइकवालेही त्यांच्यावर येतात. अरुंद वाटेवर मान चालणाऱ्याचा असतो आणि थांबायचं सायकलस्वाराने, हा इथला शिष्टाचार. काही वाटांवर गर्दीच्या वेळेत सायकलींना बंदी असते, ती पाटीवर लिहिलेली असते.

स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे अवघड, अनुभवी लोकांचीच वाट. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते.

कधी जावं आणि धोका कशाचा?

रस्ता साधारण मेअखेर किंवा जूनपासून ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुला असतो. पण तारीख बर्फ ठरवतो. २०१३ च्या मे महिन्यात स्टेल्व्हिओवरून जाणारा जिरोचा टप्पा बर्फामुळे रद्दच करावा लागला होता. सावलीतल्या पायवाटांवर जुलैतही बर्फ राहू शकतो.

दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे प्रादमध्ये २५ अंश असताना माथ्यावर १३-१४ अंशच असू शकतात आणि वारा वेगळाच. चढताना घाम येतो, उतरताना तोच घाम गारठवतो. हात गारठले की ब्रेक नीट दाबता येत नाही आणि उतारावरचे अपघात इथूनच सुरू होतात. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट उन्हाळ्यातही सोबत हवं.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, त्यामुळे धाप लवकर लागते. डोकं दुखू लागलं, मळमळलं तर वर जाणं थांबवून खाली उतरावं. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, म्हणून उघड्या धारेवरून दुपारच्या आत उतरलेलं बरं. अडचणीत दोन्ही देशांत ११२ हा क्रमांक चालतो. स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी १४१४ हा क्रमांक आहे.

सीमा ओलांडताना काय लागतं?

इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेन क्षेत्रात आहेत. त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकांना एकच शेंगेन व्हिसा पुरतो. पासपोर्ट मात्र खोलीवर ठेवून निघू नये, कारण तपासणी कधीही होऊ शकते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तिथे चलन फ्रँक आहे, कस्टमचे नियम वेगळे आहेत आणि युरोपीय संघाचे रोमिंगचे नियम लागू नाहीत. माथ्याजवळ फोनने स्विस नेटवर्क पकडलं, तर इटलीत उभं राहूनही बिल वाढू शकतं. म्हणून वर पोहोचल्यावर फोटो टाकण्याआधी फोनवर नेटवर्क कोणत्या देशाचं आहे, ते बघावं.