सीलिअ‍ॅक विकार : आतडे, मन आणि आहार

गहू व जव यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, त्या विकारास सीलिअ‍ॅक म्हणतात. आतड्याच्या अस्तरातील अंकुर झिजून अन्नरसाचे शोषण घटते. जुलाब व रक्तक्षय ही त्याची लक्षणे होत. आतडे व मेंदू यांच्यात व्हेगस मज्जातंतूद्वारे सतत संदेशवहन चालते. या रुग्णांत नैराश्य व चिंताही अधिक आढळतात. ग्लुटेनवर्ज्य आहार आजन्म पाळणे, हाच उपचार.

सिल्वासालगतच्या मसाट परिसरातील पारंपरिक नागलीची भाकरी व भात यांत ग्लुटेन नसते. मात्र गव्हाच्याच गिरणीत दळलेल्या नागलीत गव्हाचे पीठ मिसळते. रक्ततपासणीपूर्वीच गहू सोडल्यास विकार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.