बीदरचा मदरसा

पुण्याहून बीदरला जाणारा माणूस थेट किल्ला गाठतो. वाटेतल्या महमूद गावानच्या मदरशापाशी मात्र त्याने आधी थांबावे.

सेल्जुक सुलतानांचा वजीर निजामुल्मुल्क याचा बगदादचा निजामिया मदरसा 1067 मध्ये सुरू झाला. इमाम गझालींनी तिथे शिकवले. मधोमध चौक आणि चारही बाजूंना उंच कमानीचे ऐवान, ही बांधणी सेल्जुक काळात इराणात रुजली. तीच गिलानहून आलेल्या गावानने 1472 मध्ये बहमनी राजधानीत उभी केली. त्याच वर्षी त्याने गोवाही जिंकला होता. पण आठवण राहावी ती या तीन मजली वास्तूची. मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाची दालने, राहण्याच्या खोल्या, सारे एकाच छताखाली. फिरिश्ता ग्रंथांचा आकडा 3,000 देतो. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशांची नक्षी आणि कुरआनच्या आयती. दख्खनच्या काळ्या दगडांच्या मुलखात हा रंग किती परका दिसला असेल!

निजामुल्मुल्क 1092 मध्ये खुनाला बळी पडला. गावानचे तर आपल्याच दरबाऱ्यांनी काटे काढले: त्याची मोहोर वापरून बनावट पत्र रचले आणि 1481 मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला.

पुढे मोगलांच्या अमलात मदरशात फौज राहू लागली, दारूगोळा साठवला गेला. 1696 मध्ये वीज पडून त्याचा स्फोट झाला. दर्शनी बाजूचा निम्मा भाग आणि एक मिनार गेला. दुसरा मिनार उभा आहे. त्याच्या अंगावर निळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत.