शेजाऱ्याची भूमिका

धर्मांची विविधता मुलांस समजावून द्यावी, याविषयीं सहसा दुमत आढळत नाहीं. ती कशी समजावून द्यावी, हा प्रश्न मात्र अवघड आहे. सर्व धर्म एकच शिकवण देतात हें वाक्य पाठ करून घेणें सोपें. पण त्यानें मुलाचें मन शेजाऱ्याच्या दाराशीं जाऊन पोंचतें काय?

भूमचेंच उदाहरण घेऊं. या तालुक्यांतच कुंथलगिरि हें जैनांचें सिद्धक्षेत्र आहे. १९५५ सालीं आचार्य शांतिसागर यांनीं तेथेंच सल्लेखना घेऊन देह ठेविला. याच जिल्ह्यांत तुळजापूरची भवानी, गोरोबाकाकांचें तेर आणि धाराशिवचा ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा. विविधता शिकविण्यासाठीं येथील शिक्षकास दूर जावें लागत नाहीं.

परंतु याच मातीचा दुसराहि इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपुष्टांत आलें. तत्पूर्वीं रझाकारांनीं केलेल्या जुलुमाच्या कथा पुष्कळ हिंदु घरांत सांगितल्या जातात. त्यानंतर मुसलमानांवर जो प्रसंग गुदरला त्याच्या कथा मुसलमान घरांत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें अत्याचारांची सर्वांत अधिक झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. एका बांकावर बसणारीं दोन मुलें एकाच वर्षाच्या दोन निरनिराळ्या कथा घरून घेऊन येतात. तीर्थक्षेत्रांची यादी त्यांस जोडूं शकत नाहीं.

येथें आम्हांस प्रभात कंपनीच्या ‘शेजारी’ चित्रपटाची आठवण होते. १९४१ सालीं, पाकिस्तानच्या मागणीनें वातावरण तापलें असतां, व्ही. शांताराम यांनीं तो काढला. जिवा पाटील आणि मिर्झा हे बुद्धिबळ खेळणारे जिवलग शेजारी. धरणासाठीं गांव हवें असलेला धनिक त्यांच्यांत वितुष्ट पाडतो. भांडणाचें मूळ धर्मांत नसून जमिनीच्या लोभांत आहे, हें त्यांत उपदेशावांचून दिसतें. हिंदी आवृत्तींत तर हिंदु शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनीं केली आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांनीं.

या अदलाबदलींत शिक्षणाचें एक मोठें तत्त्व आहे, असें आम्ही समजतों. आज मोबाइलवर दहा मिनिटांचा चित्रपट शाळकरी मुलेंहि काढूं शकतात. शिक्षकानें त्यांस १९४८ सालच्या आपल्याच गांवची गोष्ट रचावयास सांगावी, आणि नियम एकच घालावा: प्रत्येकानें दुसऱ्याच्या घरांतील माणूस व्हावें. मग पाटलाच्या मुलास मिर्झाच्या ओसरीवर जाऊन विचारावें लागेल: त्या रात्रीं तुमचे आजोबा कोठें होते? मिर्झाच्या मुलासहि तोच प्रश्न पाटलाच्या वाड्यांत विचारावा लागेल. दोन्ही उत्तरें ऐकल्यावांचून संवाद लिहितां येणार नाहींत. भांडणांत लाभ कोणाचा झाला, हा इतिहासाचा खरा प्रश्नहि तेव्हांच उभा राहील.

जुनी जखम कशाला उघडावी, असें वडीलधारीं माणसें म्हणतील. त्यांची भीति अगदींच निराधार नाहीं. असा विषय हाताळणारा शिक्षक दोन्ही घरांच्या विश्वासांतला हवा, आणि आजच्या मुलास आजोबांच्या काळचा आरोपी कोणी करूं नये, हें त्यानें कटाक्षानें पाहिलें पाहिजे. पण मौन पाळल्यानें कथा थांबत नाहीं. ती चुलीपाशीं चालूच असते, आणि प्रत्येक मुलास तिचा अर्धाच भाग मिळतो. उरलेला अर्धा भाग शेजाऱ्याच्या तोंडून ऐकण्याची संधि शाळेनें दिली नाहीं, तर ती दुसरें कोण देणार?